बेदाण्याचं पाणी

साताऱ्यात माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांवर डाग पडत नाहीत. मावशी नळाखाली चंचुपात्रं विसळतात, फडक्यावर उलटी घालतात आणि तासाभरात ती वाळून लख्ख होतात. कासच्या तलावाचं पाणी ते. डोंगरावर पडलेलं, जांभ्या दगडावरून उतरलेलं, वाटेत फारसं काही न विरघळवता खाली आलेलं. इथल्या कुणालाच त्यात विशेष वाटत नाही. मी मात्र दर वर्षी फेब्रुवारी लागला, बारावीची प्रॅक्टिकल्स लागली आणि कोरड्या हवेनं ओठ ओढल्यासारखे झाले, की एखादं वाळलेलं पात्र उचलून खिडकीच्या उजेडात धरते. तळाशी पांढरं कडं आहे का ते बघते. नसतंच. पण तेवढ्या दोन क्षणांत जत तालुक्यातला एक हंगाम माझ्या नाकात शिरतो. उन्हात तापलेल्या हिरव्या जाळीचा वास, द्राक्षांचा आंबूसगोड दर्प, आणि पाण्याचा वास. हो, त्या पाण्याला वास होता. ओल्या पाटीचा असतो तसा.

मी आष्ट्याची. आमच्याकडं पाणी म्हणजे न मागता मिळालेली गोष्ट. उसाच्या सरीतून ते दिवसभर खळखळत असायचं. अंगाला साबण लावला की फेस कोपरावरून ओघळायचा आणि तो उतरवायला दोन तांबे जास्तीचे लागायचे. पावसाळ्यात तर पाणी हवेतूनच घरात यायचं. बरणीतलं खडे मीठ पाझरायला लागायचं, गुळाच्या ढेपेला घाम सुटायचा, काडेपेटी आई चुलीच्या कट्ट्यावर उबेला ठेवायची. जरा उन्हाची तिरीप पडली की घरातलं माणूस बाहेर यायच्या आधी पापडाचा डबा अंगणात यायचा. पुढं रसायनशास्त्रात एम. एस्सी. करताना या सगळ्याची नावं कळली. हवेतलं बाष्प ओढून घेणारे पदार्थ, त्यांचे गुणधर्म, त्यांच्या व्याख्या. नाव कळलं की गोष्ट कळली, असं त्या वयात वाटतं. मलाही वाटायचं.

नोकरी लागली ती जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावात. ज्युनिअर कॉलेज, एका वर्षाचा करार. जुलै महिना असून रस्त्यानं धूळ उडत होती. मेंढरांचे कळप काटेरी बाभळींखालून सरकत होते आणि चौकात बायका घागरी मांडून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. मी खोली घेतली ती एका सुभेदारांच्या घरात. सैन्यातून निवृत्त झालेले, ताठ पाठीचे, सकाळी साडेपाचला अंगण झाडून टाकणारे. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे सुभेदारच म्हणत. त्यांच्या पत्नी गंगव्वाकाकू. काकूंचं माहेर हद्दीपलीकडचं, त्यामुळं त्यांची मराठी कानडीच्या हेलानं चालायची, जशी एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन चालते तशी, डुलत पण न सांडता.

पहिल्याच सकाळी मी न्हाणीतून रडवेली होऊन बाहेर आले. साबण अर्धा झिजला तरी फेस नाही. अंगावर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका चिकटून बसलेला, आणि केस नारळाच्या शेंडीसारखे.

"साबण संपला का बाई?" काकूंनी विचारलं.

"संपला नाही काकू. फेसच धरेना."

त्या हसल्या. "ह्ये उप्पुनीर हाय यव्वा. उप्पु म्हंजी मीठ, नीर म्हंजी पाणी. हितं बोरच्या पाण्यात फेस बघाया गावायचा न्हाई. उद्यापासनं डाळीचं पीठ लावा अंगाला."

त्या पाण्याशी माझं भांडण वर्षभर चाललं. ते चहात घातलं तर चहावर साय नसलेली साय येई. त्यात डाळ घातली तर दोन तास उकळूनही दाणा दाण्यापासून सुटत नसे, म्हणून डाळीसाठी आणि पिण्यासाठी टँकरचं पाणी राखून ठेवायचं. कॉलेजात भांडी धुऊन वाळवली की प्रत्येकाच्या तळाशी खडूसारखं पांढरं कडं. मुलं त्यावर आम्लाचे दोन थेंब टाकायची आणि ते कडं फसफसत नाहीसं होताना बघून खूश व्हायची. ऊर्ध्वपातित पाणी मिळायचं नाही, म्हणून मी जतच्या बॅटरीच्या दुकानातून कॅन भरून आणायची. एसटीचे कंडक्टर मला बॅटरीवाल्या मॅडम म्हणून ओळखायला लागले होते.

खरं सांगायचं तर मी तिथं रमले नव्हते. अकरावीच्या वर्गात बारा मुलं. रसायनशास्त्र त्यांच्यासाठी फळ्यावर येऊन फळ्यावरच राहणारी गोष्ट होती. मी शिकवायची, ती उतरवून घ्यायची. जानेवारीत वडिलांचा फोन आला, की घराजवळच्या एका कॉलेजात जूनपासून जागा निघतेय, त्यांनी ओळखीतून शब्द टाकून ठेवलाय. मी हो म्हणाले. त्या दिवसापासून मी तिथं राहत होते ती नुसती दिवस काढण्यापुरती.

सुभेदारांची दोन एकर द्राक्षं होती. तोपर्यंत ते माल ताजाच विकायचे. त्या वर्षी त्यांनी बेदाणा करायचं ठरवलं. बांधावर लांबलचक शेड उभी राहिली, आत जाळीचे एकावर एक दहा कप्पे, चारी बाजूंनी हिरवं कापड. जतच्या कोरड्या हवेसारखी हवा बेदाण्याला कुठं मिळायची नाही, असं सगळेच म्हणत. कामासाठी तासगावाकडून एक मिस्त्री आले, इस्माईलभाई. पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर पांढरी टोपी, बोटांची टोकं कायमची पिवळट. तीस वर्षं ते फक्त बेदाणाच करत होते. द्राक्षाचा घड हातात घेऊन नुसता तोलला तरी तो किती दिवसांत वाळेल हे सांगायचे.

बेदाणा करायची रीत मी त्यांच्याकडूनच ऐकली. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो थर आतलं पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून घड जाळीवर पसरायच्या आधी एका टाकीत बुडवून काढायचे. टाकीत पाणी, त्यात पांढरी कार्बोनेटची पावडर आणि डिपिंग ऑइल म्हणतात ते तेल. तेल पाण्यात मिसळून दुधासारखं व्हायला हवं. त्या दुधानं मेणाला बारीक बारीक भेगा जातात आणि मग हवा पाणी ओढून घेते. पंधरा दिवसांत द्राक्षाचा बेदाणा.

पहिली अर्धी बाग उतरवून झाली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आले, तर शेडपाशी सुभेदार आणि इस्माईलभाई समोरासमोर उभे होते. सुभेदारांच्या तळहातावर चार द्राक्षं होती.

"पाच दिस झालं," ते म्हणाले. "ह्यांच्या अंगाला एक सुरकुती न्हाई. तेल बनावट हाय, इस्माईलभाई."

"तीस वर्सं ह्योच डबा वापरतोय मी."

"मग तीस वर्सांत आजच आसं का झालं?"

इस्माईलभाईंनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. मग सावकाश म्हणाले, "माझ्या हातानं खोटा माल टाकला आसं वाटत आसंल, तर मी उद्याच्या गाडीनं जातो. दुसरा मिस्त्री बघा."

काकू दाराशी उभ्या होत्या. मागं वेलींवर उरलेली अर्धी बाग पिकून उभी होती. ती आणखी थांबणार नव्हती. आणि जाळीवर टाकलेली अर्धी अशीच भरल्या अंगानं पडून राहिली, तर आठवड्याभरात तिच्यावर बुरशी धरणार होती.

मी टाकीजवळ गेले ते काही सुचलं म्हणून नव्हे, त्या दोघांच्या मधून बाजूला व्हावं म्हणून. आत बघितलं. दूध नव्हतं. पाण्यावर तेलाचे तवंग सुटे सुटे फिरत होते आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या कवड्या तरंगत होत्या. मी हात घातला. बोटांना चिकट साका लागला. तो स्पर्श मला चांगला माहीत होता. सात महिने रोज सकाळी मी तो अंगावरून खरवडून काढत होते.

पाठ्यपुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणतात. चुन्याचे क्षार विरघळलेलं पाणी. साबण घातला की तो फेस होण्याऐवजी चुन्याला जाऊन मिळतो आणि साका होऊन बसतो. या तेलात त्याला पाण्यात धरून ठेवणारा साबण असतो, तोच चुन्यानं ओढून नेला, तर दूध होणार कशाचं. मला हे सगळं एका क्षणात दिसलं आणि पुढच्याच क्षणी भीती वाटली. मी सव्वीस वर्षांची, कराराची शिक्षिका. समोरच्या माणसाची या कामात तीस वर्षं गेलेली. मी चुकले, तर माझं काही बिघडणार नव्हतं. जूनमध्ये मी निघून जाणारच होते. बाग त्यांची होती.

"इस्माईलभाई," मी विचारलं, "तासगावाकडं टाकीत पाणी कुठलं घेता?"

"कॅनॉलचं. न्हाईतर शेततळ्याचं."

"आणि आधी काय टाकता? पावडर की तेल?"

"काय बी. दोन्ही बराबरच पडतंय. कवा फरक झाला न्हाई."

"मला दोन्ही थोडं थोडं द्या. आणि उद्या सकाळपर्यंत थांबा."

"थांबून काय हुनार मॅडम?"

"तेल खरं आहे की खोटं, ते कळेल."

ते आत जाऊन दोन वाट्या भरून घेऊन आले.

सकाळी मी ओसरीवर तीन काचेचे ग्लास मांडले. सुभेदार खुर्चीत, इस्माईलभाई पायरीवर बॅग शेजारी ठेवून, काकू चौकटीला टेकून. पहिल्या ग्लासात टँकरचं पाणी. पावडर टाकली, तेल टाकलं, ढवळलं. दूध झालं. इस्माईलभाई पायरीवरून उठून जवळ आले. दुसऱ्या ग्लासात बोरचं पाणी. तीच पावडर, तेच तेल. कवड्या.

"आणि हे तिसरं," मी म्हणाले. "हेही बोरचंच पाणी. यात काल संध्याकाळी फक्त पावडर टाकून ठेवली होती. तळाला बघा."

ग्लासाच्या तळाशी बोटभर पांढरा गाळ बसला होता. वरचं पाणी नितळ. मी ते पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं, गाळ हलू दिला नाही. त्यात तेलाचे थेंब टाकले आणि ढवळायला लागले. चमचा काचेवर वाजत होता. आणि मग ते पाणी पांढरं झालं. एकसारखं, दाट, ताज्या धारेच्या दुधासारखं.

"पाण्यातला चुना पावडरीनं आधीच खाली बसवला," मी म्हणाले. "मग तेलाला त्रास द्यायला कुणी उरलं नाही. तेल चांगलं आहे, पावडर चांगली आहे. पाणी तेवढं वेगळं आहे. आधी पावडर, मग थांबायचं, मग वरचं पाणी घ्यायचं, मग तेल."

सुभेदार तिन्ही ग्लासांकडं आळीपाळीनं बघत होते. बोलल्या त्या काकू.

"ती पयल्या दिशी न्हाऊन आली, तवाच म्या सांगितलंतं ह्ये उप्पुनीर हाय म्हून. माझं कोण ऐकतंय ह्या घरात."

इस्माईलभाई मोठ्यानं हसले. मग त्यांनी बॅग उचलून पुन्हा शेडमध्ये नेऊन ठेवली.

त्या दिवशी मी तेच तीन ग्लास वर्गात नेले. मुलं पुढं झुकून बघत होती. मागच्या बाकावरची यल्लुबाई, जी सात महिन्यांत एकदाही बोलली नव्हती, तिनं विचारलं, "मॅडम, मग आमच्या आईची डाळ शिजत न्हाई, त्ये बी ह्येच का?"

"हेच," मी म्हणाले. "चुना डाळीच्या सालीला घट्ट धरून ठेवतो."

"मग सोडा टाकल्यावर का शिजती?"

मग कुणी विचारलं, बंबाच्या आत दगडासारखं का साचतं. कुणी विचारलं, ठिबकच्या नळ्या का बुजतात. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मला शिकवायला लागून सात महिने झाले होते आणि तो माझा पहिला तास होता.

इकडं सुभेदारांच्या घरी कामाची घडी बसली. संध्याकाळी मोठ्या पिंपांत पाणी आणि पावडर कालवून ठेवायची, सकाळी वरचं नितळ पाणी टाकीत घ्यायचं, मग तेल. आधीच्या मालावर नव्या दुधाची फवारणी झाली. तिसऱ्या दिवशी काकूंनी मला हाक मारून शेडमध्ये नेलं आणि एक घड उचलून दाखवला. द्राक्षांच्या देठापाशी बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, नवजात बाळाच्या तळव्यावर असतात तशा. मी जाळीखाली उभी राहून वास घेतला. शेडभर गोड, जडसर हवा भरली होती. द्राक्षांतून निघालेलं पाणीच होतं ते, हिरव्या कापडातून हळूहळू बाहेर पडणारं.

आता इथं साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरात मीठ पाणी होऊन बसतं. तांदळाचे दाणे घाला, भाजून ठेवा, काही करा. नवरा म्हणतो, पिशवीतलं बारीक मीठ आण, ते पाझरत नाही. मी खडे मीठच आणते. पाझरलेल्या मिठात चमचा घातला की मला गंगव्वाकाकूंची अॅल्युमिनियमची ताटली दिसते, आणि मिठाची मला शाळा-कॉलेजात न कळलेली बाजू आठवते.

माल निम्मा वाळत आला होता आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. मार्चात तिकडं असं कधीमधी होतं. पाऊस पडत नाही, नुसते ढग येऊन बसतात आणि हवा जड होते. इस्माईलभाईंचा चेहरा उतरला. अर्धवट वाळलेला बेदाणा हवेतली ओल परत ओढून घेतो, साखरच ती. मग तो काळा पडतो.

"बाजूला वर गुंडाळल्याल्या ताडपत्र्या खाली सोडा," सुभेदार म्हणाले. "बाहीरची वल आत याय नको."

"सोडल्या तर आतली बाहीर कशी जाईल?" इस्माईलभाई म्हणाले. "मालातनं अजून पाणी निघतंय. कोंडलं तर बी काळाच पडनार. कवा सोडायच्या आन् कवा वर घ्यायच्या, ह्योच तर खेळ हाय. आमच्याकडं एवढं आभाळ आलं की आमी नशिबावर सोडतो."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. ग्लासांच्या त्या सकाळपासून काही अडलं की ते माझ्याकडं बघायला लागले होते. हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र कॉलेजात असायला हवं होतं, ते यादीतच राहिलं होतं. मी तसं सांगितलं.

काकू घरात गेल्या आणि ताटलीत मूठभर खडे मीठ पसरून घेऊन आल्या. ताटली त्यांनी शेडबाहेर खांबाला टेकवून दगडावर ठेवली.

"आमच्या अव्वा, म्हंजी आई, शेंगा वाळवायला घातल्या की आसं ठिवायच्या. मीठ खडखड वाजलं, तर हवा सुकी. बोटाला चिकटलं, तर वली. यंतर कशाला पायजे?"

मी त्या ताटलीकडं बघतच राहिले. लहानपणापासून पाझरणारं मीठ मी पाहिलं होतं, परीक्षेत त्यावर लिहून मार्क मिळवले होते. मीठ माझ्यासाठी उदाहरण होतं. काकूंसाठी ते काम करणारी वस्तू होतं.

"काकू," मी म्हणाले, "अजून एक ताटली आणा. एक आत ठेवू."

त्यांना लगेच समजलं. आतलं मीठ जास्त ओलं असेल, तर ताडपत्र्या वर. बाहेरचं जास्त ओलं असेल, तर खाली. एवढाच हिशोब. ताटल्यांमधलं मीठ तासातासानं बदलायचं, कारण एकदा भिजलेलं मीठ खोटं बोलतं, हेही काकूंनीच सांगितलं. दोन दिवस आम्ही पाळ्या लावल्या. सुभेदारांनी पाळ्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवला, ड्यूटी असं वर लिहून. मी कॉलेजातून आले की माझी पाळी. आत जाऊन ताटली हलवायची, कान देऊन ऐकायचं, बोट दाबून बघायचं, बाहेर येऊन तेच करायचं आणि मग ओरडायचं, "वर घ्या," नाहीतर, "सोडा." दोऱ्या ओढताना इस्माईलभाई आणि सुभेदार शेजारी शेजारी असायचे. त्या दोन दिवसांत दोघं एकमेकांशी कामापलीकडं बोलले नाहीत, पण दोरी एकाच वेळी ओढायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर सावल्या पडल्या होत्या. स्वच्छ, धारदार सावल्या. काकूंनी बाहेरची ताटली कानाशी नेऊन हलवली आणि मला दिली. मिठाचे खडे काचेच्या मण्यांसारखे वाजले.

माल वाळला, तेव्हा जाळ्या हलवून तो खाली पाडायचा दिवस ठरला. माझे बाराही विद्यार्थी आले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. जाळी हलली की वरच्या कप्प्यातून खालच्या, खालच्यातून आणखी खालच्या, असा बेदाण्यांचा पाऊस ताडपत्रीवर पडायचा. हिरवट सोनेरी, एकसारखे. उजेडात धरला तर आरपार दिसणारा बेदाणा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इस्माईलभाईंनी ओंजळ भरून घेतली, नाकाशी नेली, दोन दाणे दाताखाली धरले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"एक नंबर," ते म्हणाले.

तेव्हा सुभेदार पुढं आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. जाळ्या झाडायच्या दिवशी धुळीत कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून, फलटणीसमोर उभं राहावं तसे ते सगळ्यांसमोर उभे राहिले.

"इस्माईलभाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या तेलाला मी खोटं म्हणालो. माणसांदेखत म्हणालो. म्हणून माणसांदेखत सांगतो. मी चुकलो."

काकू पदरानं तोंड पुसत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

इस्माईलभाईंनी ओंजळीतले बेदाणे सुभेदारांच्या हातात ओतले. "सुभेदार," ते म्हणाले, "मी बी त्या दिवशी बॅग भरायला नको हुती. पाण्याला इचारायचं सोडून आपण एकमेकालाच इचारत बसलो." मग ते मुलांकडं वळले. "आता बघत काय उभारलाय? घमेली घ्या."

मे महिन्याच्या सुट्टीत मी आष्ट्याला गेले, तेव्हा पिशवीत काकूंनी दिलेले दोन किलो बेदाणे होते. आईनं त्या संध्याकाळी शिऱ्यासाठी मूठभर बेदाणे वाटीभर पाण्यात टाकले आणि ती कणीक मळायला बसली. मी वाटीसमोर बसून राहिले. पंधरा दिवस हवेनं थेंब थेंब करून काढून घेतलेलं पाणी ते पुन्हा आत घेत होते. सुरकुत्या एकेक करून उलगडत होत्या. घटकाभरात ते फुगून गोल झाले, पुन्हा द्राक्षं व्हावीत इतके नाही, पण जवळपास.

वडील शेतातून आले, पाय धुऊन शेजारी बसले.

"त्या कॉलेजवाल्यांचा निरोप आलाय," ते म्हणाले. "जूनच्या एक तारखेला हजर व्हायचं."

"आबा, मी जतला परत जाणार आहे. प्राचार्यांनी करार वाढवून देतो म्हणून सांगितलंय. मी त्यांना होय म्हणून आलेय."

आईचे हात परातीत थांबले. उसाला पाणी पाजता पाजता ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला मी काय समजावून सांगणार होते. तिथं टँकर येतो, साबणाला फेस येत नाही, बारा मुलं आहेत आणि त्यातली एक आता रोज प्रश्न विचारते. मी तसंच सांगितलं, सुचेल तसं, उलटसुलट. ग्लासांचं सांगितलं, मिठाच्या ताटल्यांचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी वाटीतला एक फुगलेला बेदाणा बोटानं उचलून तोंडात टाकला. मग दुसरा. मग वाटीच उचलली आणि आई नको म्हणत असताना उरलेलं गोडसर पाणीही पिऊन टाकलं.

"मग जूनला ह्या खेपंला मी येतो सोडायला," ते म्हणाले. "बघू तरी दे, कसलं पाणी हाय ते."